घरच्या सुतारकामासाठी बँडसॉ : कमी खर्चात योग्य यंत्र कसे निवडावे?

पुण्याच्या पेठांमधील जुने वाडे एकामागून एक उतरवले जात असताना आमच्याही वाड्याची पाळी आली. माजघरावरच्या सागवानी तुळया जुने लाकूड घेणाऱ्या व्यापाऱ्याने वजनाच्या भावात उचलल्या. एका तुळईचा चार फूट लांबीचा, सहा इंच बाय चार इंचांचा तुकडा मात्र मी मागून घेतला. त्याच्या फळ्या पाडून एक लहानसे फडताळ करावे, असा बेत होता. टिंबर मार्केटमधील दोन सॉ मिलवाल्यांनी तुकडा हातात घेऊन पाहिला आणि परत केला. 'जुन्या लाकडात खिळे असतात, आमचे पाते जाईल,' हे दोघांचेही उत्तर होते आणि ते रास्तही होते. हाताच्या करवतीने सहा इंची लाकूड चार फूट उभे चिरणे साठीच्या माणसाला झेपणारे नाही. घरात बँडसॉ घेण्याचा विचार सुरू झाला तो असा.

शहरात राहून हौसेने सुतारकाम करणाऱ्यांची संख्या आता लक्षणीय आहे. कुणी गच्चीवरच्या खोलीत, कुणी गॅरेजमध्ये, तर कुणी बंद केलेल्या गॅलरीत आपले छोटे दुकान मांडलेले असते. ड्रिल, जिगसॉ, हातातली गोल करवत एवढे जमले की पुढचा प्रश्न हमखास बँडसॉचा येतो. हे यंत्र स्वस्त नाही, वारंवार बदलण्याजोगे नाही आणि चुकीचे घेतले तर चांगले लाकूड व प्रसंगी बोटेही खाते. म्हणून खरेदीपूर्वी काय पाहावे, याचा हा विचार.

यंत्र म्हणजे नेमके काय?

पिठाच्या गिरणीतला पट्टा जसा दोन चाकांवरून फिरतो, तसे दोन्ही टोके जोडलेले, दाते असलेले लांब पोलादी पाते एकावर एक बसवलेल्या दोन चाकांवरून फिरते. खालचे चाक मोटर फिरवते; वरचे चाक पात्याला ताण देते आणि त्याची दिशा सांभाळते. दोन्ही चाकांच्या मध्ये टेबल असते व त्यातून पाते सतत वरून खाली धावत असते. कल्पना साधी आहे. विल्यम न्यूबेरी या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच अशा करवतीचे पेटंट घेतले होते. परंतु चाकावरून अखंड वळत राहूनही तुटणार नाही असा सांधा पात्याला कसा घालावा, हे कुणालाच जमत नव्हते. ॲन पोलिन क्रेपँ या फ्रेंच महिलेने १८४६ मध्ये सांध्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पॅरिसच्या पेरँ कंपनीने ते हक्क मिळवले आणि त्यानंतर हे यंत्र कारखान्यांत रुळले. आजही स्वस्त पाते तुटते ते बहुधा सांध्यापाशीच, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आपल्याला ते हवे आहे का?

पहिला प्रश्न हाच. प्लायवूडचे आठ बाय चार फुटांचे तक्ते सरळ कापून कपाटे करणे एवढेच काम असेल, तर बँडसॉ घेऊ नये. पाते आणि मागचा खांब यांच्यामध्ये जेवढे अंतर असते, तेवढ्याच रुंदीचा तुकडा त्यातून जातो. त्या कामाला गोल करवत आणि सरळ पट्टी पुरेशी आहे. वर्षाकाठी दोन-चार वळणदार काप घ्यायचे असतील, तर जिगसॉ भागवते.

बँडसॉचे खरे काम तीन प्रकारचे : जाड लाकडातून वळणे कापणे, लहान ओंडक्यातून वा तुळईतून फळ्या पाडणे आणि आहे त्या फळीच्या दोन पातळ फळ्या करणे. येथे त्याला घरगुती यंत्रांत तोड नाही. हातातल्या सात इंची गोल करवतीचे पाते लाकडात जेमतेम ६५ मिलिमीटर उतरते आणि कापाची रुंदी दोन ते तीन मिलिमीटर असते. बँडसॉचा काप सुमारे एक मिलिमीटरचा. माझ्या तुळईतून ११ फळ्या काढायच्या, तर १० काप घ्यावे लागतात. तीन मिलिमीटरच्या कापाने तीन सेंटिमीटर सागवानाचा भुसा झाला असता; बँडसॉने एकच सेंटिमीटर जातो. जुन्या सागवानाचा भाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या फरकाचे मोल सांगावयास नको.

तीन आकडे

यंत्राच्या माहितीपत्रकात अनेक आकडे असतात. त्यांतील तीन महत्त्वाचे.

पहिला, चाकाचा व्यास. ९, १०, १२ किंवा १४ इंची बँडसॉ म्हणजे तेवढ्या व्यासाच्या चाकांचा. पाते ते खांब हे अंतर साधारण तेवढेच किंवा किंचित कमी असते. चाक जितके लहान, तितके पात्याला प्रत्येक फेरीत अधिक वाकावे लागते. जाड पाते लहान चाकावर लवकर थकते आणि तडकते. त्यामुळे लहान यंत्रावर पातळ पाते व मोठ्यावर जाड पाते, हा नियम पाळावा लागतो.

दुसरा, टेबल आणि वरचे गाइड यांच्यामधील कमाल उंची. फळ्या पाडण्याची क्षमता यावर ठरते. टेबलावर ठेवायची ९-१० इंची यंत्रे सर्वसाधारणपणे साडेतीन ते पाच इंच उंचीचे लाकूड घेतात. बिडाच्या सांगाड्याच्या १४ इंची यंत्रात ती सहा इंच असते. अमेरिकेतील डेल्टा कंपनीच्या १४ इंची यंत्राने हा नमुना रूढ केला आणि तैवानमधील कारखान्यांनी त्याच्या असंख्य प्रतिकृती जगभर पाठवल्या. अशा सांगाड्याच्या मध्ये जोडठोकळा घालून उंची १२ इंचांपर्यंत नेता येते. पोलादी पत्रा वाकवून, वेल्डिंग करून बनवलेल्या नव्या सांगाड्यांत मुळातच अधिक उंची मिळते.

येथे मोह आवरावा लागतो. माझ्या तुळईच्या सहा इंच रुंदीच्या फळ्या हव्या असत्या, तर १४ इंची यंत्र अपरिहार्य होते. तुळई दुसऱ्या बाजूने उभी केली, तर चार इंच रुंदीच्या फळ्या निघतात आणि त्या कडेला कड जोडून हवी ती रुंदी साधता येते. साडेचार इंच उंचीचे १० इंची यंत्र त्याला पुरते. म्हणजे यंत्राआधी आपले लाकूड आणि आपले काम मोजावे. वर्षातून एकदाच येणाऱ्या मोठ्या कामासाठी दुप्पट किमतीचे यंत्र घेणे शहाणपणाचे नाही. उलट, नेहमीचेच काम सहा इंचांचे असेल, तर लहान यंत्र घेऊन पैसे वाचत नाहीत, ते दोनदा खर्च होतात.

तिसरा आकडा मोटरच्या शक्तीचा. लहान यंत्रांत पाव ते अर्धा अश्वशक्तीची मोटर असते. वळणे कापण्यास व चार इंचांपर्यंतचे लाकूड सावकाश चिरण्यास ती पुरते. सहा इंच सागवान वा शिसव नित्य चिरायचे असेल, तर किमान एक अश्वशक्ती हवी. त्यापुढे १२ इंचांपर्यंत जायचे तर दीड ते दोन.

याच ठिकाणी पात्याचा वेगही विचारून घ्यावा. १४ इंची चाकाचा परीघ सुमारे ४४ इंच. ते मिनिटाला ८२० फेरे घेत असेल, तर पाते मिनिटाला सुमारे ३,००० फूट धावते. लाकडासाठी हा वेग योग्य. लोखंडासाठी तो याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी लागतो. 'लाकूड, लोखंड दोन्ही कापते' असे सांगून विकले जाणारे यंत्र एकाच वेगाचे असेल, तर तो दावा सोडून द्यावा.

दुकानात काय तपासावे?

शक्यतो यंत्र प्रत्यक्ष पाहूनच घ्यावे. जाताना सोबत एक गुण्या, एक फूटभर लांबीची सरळ पोलादी पट्टी आणि पाच रुपयांचे जुने जाड नाणे न्यावे.

प्लग काढलेला असताना वरचे चाक हाताने फिरवावे. ते मुकाट फिरले पाहिजे. खरखर आली, तर बेअरिंगमध्ये दोष आहे. चाक डावी-उजवीकडे डुलत असेल, तर ते यंत्र घेऊ नये. चाकांवरची रबरी धाव सलग, न तडकलेली व घट्ट बसलेली असावी. बहुतेक यंत्रांत ती मध्यभागी किंचित फुगीर असते आणि त्या फुगवट्यामुळे पाते मध्यावर टिकून राहते.

नंतर गाइड पाहावेत. पात्याच्या दोन्ही बाजूंना व मागे, टेबलाच्या वर आणि खाली असे त्यांचे दोन संच असतात. ते ठोकळ्यांचे असोत वा बेअरिंगचे, दोन्ही चांगले काम देतात. प्रत्येकाला स्वतंत्रपणे मागे-पुढे सरकवता आले पाहिजे, हे महत्त्वाचे. वरच्या गाइडचा दांडा पूर्ण वर व पूर्ण खाली नेऊन पाहावा. तो सरळ रेषेत न सरकता तिरका जात असेल, तर उंची बदलली की दरवेळी गाइड नव्याने जुळवत बसावे लागेल. स्वस्त यंत्रांतील हा नेहमीचा दोष आहे आणि तो घरी दुरुस्त होत नाही.

टेबलावर पोलादी पट्टी आडवी, तिरकी ठेवून खाली उजेड दिसतो का ते पाहावे. बिडाचे टेबल ॲल्युमिनियमच्या टेबलापेक्षा जड आणि स्थिर. गुण्या लावून पाते व टेबल काटकोनात येतात का, हे पाहावे; किंचित फरक असल्यास तो स्क्रूने दुरुस्त होतो. शेवटी यंत्र सुरू करायला सांगून टेबलावर नाणे कडेवर उभे करावे. ते उभे राहिले, तर चाकांचा तोल चांगला आहे. लगेच पडले, तर दुकानदाराला पात्याचा ताण जुळवायला सांगून पुन्हा पाहावे आणि तरीही पडले तर दुसरे यंत्र मागावे.

पाते हेच अर्धे यंत्र

आता माझी चूक सांगतो. १० इंची यंत्र घरी आले त्याच दिवशी उत्साहाच्या भरात मी तुळई पात्याला लावली. रेषेवर सुरुवात झाली, पण फळी निघाली ती मध्ये पोट आलेली, एका कडेला आठ मिलिमीटर आणि मध्यावर सोळा. दुसरीही तशीच. आजोबांच्या काळचे दोन तुकडे वाया गेले आणि सगळा दोष मी यंत्राला दिला. प्रत्यक्षात यंत्र निर्दोष होते. त्यासोबत आलेले पाते इंचाला १४ दात्यांचे होते. इतक्या बारीक दात्यांच्या खाचा चार इंच लाकडात शिरताच भुशाने भरतात, पाते कापेनासे होते, मी जोर लावतो आणि पाते आतल्या आत वाकते. यंत्रासोबत येणारे पाते बहुधा हलक्या प्रतीचे असते. ते शिकण्यापुरते ठेवून पहिल्याच दिवशी चांगली दोन पाती घ्यावीत.

दात्यांचा हिशेब सोपा आहे. कोणत्याही क्षणी लाकडात किमान तीन दाते असावेत, पण फार जास्त नसावेत. फळ्या पाडण्यासाठी इंचाला ३ ते ४ दाते, अर्धा-पाऊण इंच फळीच्या सर्वसाधारण कामाला ६, पातळ प्लायसाठी १२ ते १४.

रुंदीचा हिशेब वळणावर ठरतो. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, रुंद पाते सुमारे ५ मिलिमीटर त्रिज्येचे वळण घेते. पाव इंची पाते १६, तीन सुती पाते ३७ आणि अर्धा इंची पाते ६४ मिलिमीटर. सरळ चिरण्यासाठी रुंद पाते चांगले, हे खरे. परंतु लहान यंत्राची ताण देणारी स्प्रिंग अर्धा इंची पात्याला पुरेसा ताण देऊ शकत नाही, पत्रकात काहीही छापलेले असो. अशा यंत्रावर तीन सुती, इंचाला चार दात्यांचे, पुरेसा ताण दिलेले पाते ढिल्या अर्धा इंची पात्यापेक्षा सरळ कापते. ते चढवून आणि लाकूड सावकाश सरकवून माझ्या उरलेल्या नऊ फळ्या नीट निघाल्या.

एवढ्यानेही काप रेषेपासून सरकत असेल, तर एका फळीवर कडेला समांतर रेघ मारून, आधारपट्टी न लावता, केवळ हाताने त्या रेषेवर कापावे. अर्ध्यावर यंत्र बंद करून फळी टेबलावर ज्या कोनात आहे, त्याच कोनात आधारपट्टी बसवावी. पात्याचा कल मान्य करून काम करण्याची ही जुनी रीत आहे.

खरेदीपूर्वी पात्याची लांबी विचारून ठेवावी. १४ इंची प्रचलित यंत्राला साडेत्र्याण्णव इंची, जोडठोकळा बसवल्यास १०५ इंची पाते लागते आणि ते सहज मिळते. एखाद्या यंत्राची लांबी आडनिडी असेल, तर गुंडाळीतून कापून सांधा घालून देणारा कारागीर आपल्या गावात आहे का, याची चौकशी आधी करावी. पुण्यात भवानी पेठेच्या आणि मुंबईत रे रोडच्या लाकूडबाजारात विचारल्यास पत्ता लागतो.

वीज, जागा आणि जुने यंत्र

एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. अशी मोटर भाराखाली सहा अँपिअरच्या आसपास वीज घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. म्हणून पंख्या-दिव्याचा सहा अँपिअरचा प्लग चालणार नाही. १६ अँपिअरचा, उत्तम अर्थिंग असलेला प्लग हवा. परदेशातून परतणारे आप्त सामानासोबत तिकडचे यंत्र आणू म्हणाले, तर त्यावरील मोटरची पाटी वाचावी. अमेरिकेतील ११० व्होल्ट, ६० सायकलची मोटर आपल्या २३० व्होल्टवर थेट लावता येत नाही. ट्रान्सफॉर्मर लावला, तरी ५० सायकलवर ती संथ फिरते आणि अधिक तापते.

बंद पडलेल्या कारखान्यांतील जुनी भारतीय बनावटीची यंत्रे कधीकधी फार स्वस्तात मिळतात. त्यांचे बीड उत्तम असते. मात्र त्यांची मोटर बहुधा थ्री फेजची असते आणि वजन काही शे किलो. मोटर बदलण्याचा, वाहतुकीचा, नव्या धावांचा व बेअरिंगचा खर्च बेरजेत धरावा आणि आपल्या इमारतीची लिफ्ट ते पेलेल का, हेही पाहावे. तळमजल्यावर जागा असणाऱ्याला हा सौदा फायद्याचा. तिसऱ्या मजल्यावरच्याने त्या वाटेस जाऊ नये.

पैशांची विभागणी करताना सगळी रक्कम यंत्रावर लावू नये. साधारण पाचवा हिस्सा पाती, लाकूड टेकवण्याचे स्टँड, भुसा ओढण्याची सोय आणि मास्क यांसाठी राखावा. लाकडाच्या भुशाची नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक पदार्थांत केलेली आहे. बंद गॅलरीत काम करणाऱ्याने ही बाब गंभीरपणे घ्यावी.

बोटे आणि कायदा

गोल करवतीसारखे हे यंत्र लाकूड अंगावर फेकत नाही. पात्याचा जोर खाली टेबलाकडे असतो. त्यामुळे ते सुरक्षित समजले जाते आणि तोच गाफीलपणा महागात पडतो. वरचे गाइड लाकडापासून जेमतेम पाव इंच वर असावे. उरलेले पाते झाकलेलेच राहावे. शेवटचे चार इंच हाताने नव्हे, काठीने ढकलावेत. हातमोजे घालू नयेत. मनगटावरचा धागा, सैल बाही, ओढणी काहीही पात्याजवळ येऊ देऊ नये. गोल फांदी आडवी धरून कधीही कापू नये. पाते तिला गरकन फिरवते आणि हात सोबत ओढते. तिच्यासाठी खाच पाडलेला ठोकळा करावा. जुन्या लाकडावर आधी चुंबक फिरवून खिळे शोधावेत. माझ्या तुळईत सात निघाले. सॉ मिलवाल्यांचे बरोबरच होते.

कायद्याचीही जाण हवी. सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९९७ मध्ये महाराष्ट्र व उत्तर प्रदेशातील विनापरवाना सॉ मिल बंद करण्याचा आदेश दिला होता आणि लाकूड चिरण्याच्या व्यवसायावर वन विभागाचे नियंत्रण आहे. हौसेचे काम स्वतःपुरते राहावे. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे लाकूड मोबदला घेऊन चिरून देण्याचा विचार मनात आलाच, तर त्याआधी वन विभागाच्या कार्यालयात चौकशी करावी.

घरी आणल्यावर यंत्राची निगा फारशी नसते. काम संपले की पात्याचा ताण सैल करावा, चाकांवरचा भुसा झाडावा आणि पावसाळ्यापूर्वी बिडाच्या टेबलावर मेणाचा पातळ हात फिरवावा. आपल्या दमट हवेत गंज चढायला चार दिवस पुरतात. एवढे केले, तर साधे यंत्रही वर्षानुवर्षे साथ देते. रंधा मारल्यावर त्या नऊ फळ्या दहा मिलिमीटरच्या भरल्या. त्यांचे फडताळ आता नव्या सदनिकेच्या भिंतीवर आहे. वाया गेलेल्या दोन फळ्यांतून सांध्यांच्या पाचरी निघाल्या.